न दाखवलेलं रीळ

कोल्हारहून लेकीचं बाळंतपण उरकून गोजरबाई तिसगावात उतरली, तेव्हा तिला घ्यायला घरचं कुणीच आलं नव्हतं. स्टँडवर शेजारची दगडाबाई भेटली. तिने बोचक्याला हात लावला आणि बोलण्याआधी इकडेतिकडे पाहिलं. वाईट बातमी आणणारं माणूस असंच पाहतं.

“घरी कुलूप हाय, गोजरे. तुझी मथी हिवरवाडीला मठात बसवलीय.”

“बसवलीय? का?”

“गळा सुजला पोरीचा. ताप उतरंना. सूर्यभान आन छबू काल सांच्याला घिऊन गेले. रेघ वढलीय म्हनं. पाच रातीची.”

गोजरबाईने बोचकं तिथेच टाकलं. मथी तिची नात, मुलगा सूर्यभान आणि सून छबू यांची सहा वर्षांची पोरगी. आणि हिवरवाडी गोजरबाईचं माहेर. तिथल्या भीमाबाबाच्या मठाची चाल सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. आजारी माणसाला मठाच्या अंगणात बसवायचं, त्याच्याभोवती अंगाऱ्याची रेघ ओढायची आणि पाच रात्री त्याने त्या रेघेबाहेर पाऊल टाकायचं नाही. औषध नाही, डॉक्टर नाही. रोज चिमूटभर अंगारा जिभेवर. बरं झालं तर बाबांची कृपा. मेलं तर कुणाची तरी सावली रेघेवर पडली.

दवाखान्यातल्या नर्स मरियाबाई गोजरबाईला पाहून रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी नमस्कारही केला नाही.

“कुठं होतात तुम्ही? काल सकाळी मी बॅटरी लावून तिचा घसा बघितला. आत पांढरा पापुद्रा धरलाय. घटसर्प आहे, गोजरबाई. इथं त्याच्यावरचं इंजेक्शन नाही. सूर्यभानला म्हटलं, असाच्या असा नगर गाठ. तो ‘व्हय बाई, व्हय बाई’ करत गेला आणि पोरगी मठात नेऊन ठेवली.”

“तुमी गेला न्हाई का तिथं?”

“गेले की. फाटकातूनच वाटेला लावलं. म्हणाले, बाई, तुमचा देव वेगळा. मी म्हटलं, देव वेगळा असेल, घसा सगळ्यांचा सारखाच असतो.” मरियाबाईंचा आवाज चढला. “आणि मला दाखला कुणाचा दिला माहीत आहे? तुमचा! हिची आजीच बाबांच्या अंगाऱ्यानं मेलेली उठली, सिनेमात दिसलंय, म्हणाले. आता काय बोलणार?”

गोजरबाईने टाकलेलं बोचकं उचलून दगडाबाईच्या हातात दिलं.

“शेवगावहून नगरला जाणारी गाडी तीनला येते,” मरियाबाई म्हणाल्या. “मी हिवरवाडीच्या फाट्यावर थांबते. गाडी अडवून धरीन. तुम्ही पोरगी आणा. उद्यावर गेलं तर श्वास बंद होईल. हे मी भीती घालायला सांगत नाही.”

गोजरबाई चालू लागली. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग होते आणि ढिगांमागे माणसं हातोड्या घेऊन बसली होती. त्यातल्या दोघीतिघींनी तिला पाहून हात जोडले. हे हात जोडणं तिला पन्नास वर्षं छळत आलं होतं.

गोष्ट अशी होती. गोजरबाई नऊ वर्षांची असताना पुण्याची एक सिनेमा कंपनी हिवरवाडीत येऊन राहिली. तो मुक्या सिनेमाचा काळ. कंपनीच्या मालकांना सगळे तात्यासाहेब म्हणत. डोक्यावर हॅट, कमरेला धोतर, आणि भगत-देवऋषी म्हटलं की तोंडाला फेस यायचा इतका राग. भोंदूपणाची साल काढणारा सिनेमा काढायचा म्हणून ते आले होते. सिनेमाचं नाव ‘चिमूटभर अंगारा’. गोष्ट सरळ होती. एका शेतकऱ्याची पोर आजारी पडते. गावातला बुवा अंगारा लावतो, पोर उठून बसते, गाव पाया पडतं. रात्रीतून पोर मरते. बुवा मागच्या दाराने गाठोडं घेऊन पळतो आणि पोरीचा बाप त्याला पकडून चिंचेला बांधतो. पोरीला आधी वैद्याकडे न्यायचं सोडून बुवाकडे नेलं, हा बापाचा पश्चात्ताप शेवटी. पोरीचं काम गोजराला मिळालं, कारण ती न हसता पडून राहू शकायची. बुवाचं काम मिळालं गावातल्या भीमाला. भीमा कामाला जड, पण दिसायला देखणा. उंच, भरघोस दाढी, डोळे असे की बघणाऱ्याने खाली बघावं.

तात्यासाहेबांचा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर असायचा आणि एक माणूस त्याचा दांडा फिरवायचा. कॅमेऱ्याला जेवढं दिसतं तेवढ्यातच माणसांनी वावरावं, म्हणून तो माणूस शूटिंगच्या आधी जमिनीवर राखेने रेघ मारायचा. कॅमेऱ्याजवळ अरुंद आणि लांब जाईल तशी रुंद. हिवरवाडीची माणसं भोवती गोळा व्हायची, मुलं मध्ये घुसायची. मग तात्यासाहेब ओरडायचे, “रेघेच्या आत कुणी येऊ नका! पोरी, तू रेघेबाहेर जाऊ नकोस, नाहीतर संपलं सगळं!” लोकांनी ते ऐकलं आणि मनात धरलं. आजही मठात ओढतात ती रेघ पुढे अरुंद, मागे रुंद असते. सुपासारखी. सूप लक्ष्मीचं, म्हणून रेघ सुपासारखी, असं मठात सांगतात. कॅमेऱ्याच्या डोळ्याचा आकार पूजेला लावलेलं दुसरं गाव या भूमीवर नसावं.

पुढच्या वर्षी जत्रेत तंबूवाला तो सिनेमा घेऊन आला. पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा, कारण पडद्यावरची अक्षरं वाचणार कोण? आधी दूरच्या मुलखातल्या एका गावी शेवटचं रीळ लागलं आणि बुवाला चिंचेला बांधलेलं पाहून तिथल्या बुवांच्या भक्तांनी तंबूवर दगड घातले होते. तंबूवाला शहाणा झाला. हिवरवाडीत त्याने पोर उठून बसेपर्यंतच सिनेमा दाखवला. सांगणाऱ्याने हात जोडून मोठ्या आवाजात सांगितलं, “आणि श्रद्धेच्या बळावर बालिका उठली होऽ!” लोकांनी पडद्यावर पैसे फेकले, नारळ फुटले. पहिल्या रांगेत बसलेली गोजरा उठून ओरडली, “आजून हाय! आजून मी मरायची हाय!” आईने तिच्या तोंडावर हात दाबला. शेजारच्या बायका म्हणाल्या, पोर देवाच्या भेटीनं भ्रमलीय.

शेवटचं रीळ त्या मुलखात कुणी पाहिलंच नाही. भीमाला मजुरीऐवजी कंपनीने सिनेमातली भगवी कफनी दिली होती, ती त्याने अंगातून काढली नाही. बसल्या जागी लोक पाया पडायला लागले तर आळशी माणूस कशाला उठतो? तात्यासाहेबांची कंपनी बुडाली. सिनेमाची रिळं वजनावर विकली गेली, आणि ती वितळवून कुणी बांगड्या केल्या असं पुण्याच्या एका माणसाने पुढे गोजरबाईला सांगितलं. म्हणजे तिच्या मरणाच्या बांगड्या झाल्या आणि तिचं उठणं तेवढं मठात राहिलं. तिने माहेरी सांगितलं, सासरी सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, की ते सोंग होतं. जितकं सांगितलं तितकं लोकांना वाटलं, बाबांनी गुपित ठेवायला सांगितलंय.

मठाच्या अंगणात वीसपंचवीस माणसं होती. भिंतीवर कफनीतल्या भीमाची मोठी तसबीर आणि खाली रंगवलेली अक्षरं: ‘चित्रपटात प्रत्यक्ष दिसलेला चमत्कार’. तसबिरीखाली भीमाचा मुलगा रंगनाथ महाराज गादीवर बसला होता. हाताला सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. आणि अंगणाच्या मध्यभागी, राखेच्या रेघेत, गोधडीवर मथी. मान फुगून बैलासारखी झालेली. श्वास घेताना गळ्यातून करवतीसारखा आवाज येत होता.

रेघेबाहेर छबू पदर तोंडात कोंबून बसली होती. सासूला पाहताच तिचा बांध फुटला. “आत्याबाई, पानी बी जाईना वो पोरीच्या घशाखाली!”

“सूर्यभान,” गोजरबाई म्हणाली, “उचल तिला. फाट्यावर गाडी येतीय.”

सूर्यभान उभा राहिला, पण पाय हलला नाही. “आई, रेघ हाय.”

“ती रेघ कसली हाय, म्हाईत हाय तुला. शंभर येळा सांगितलंय. क्यामेरावाल्याची रेघ हाय ती. त्या रेघंच्या आत माझं नाक खाजवलं तरी तात्यासाहेब वरडायचे.”

“तू म्हनतीस. पर समद्या तालुक्यानं बघितलंय ते खोटं का?”

“तालुक्यानं आर्धंच बघितलंय, मुडद्या!”

लोक कीर्तनाला बसल्यासारखे ऐकत होते. लंकाबाई नावाची एक म्हातारी पुढे आली आणि गोजरबाईच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, “हीच ती. हिलाच उठवलं बाबांनी. म्या या डोळ्यांनी बघितलं, तंबूत.”

“लंके, तू माझ्याबरूबर गोट्या खेळायचीस! मी आजारी कवा हुते गं? त्या आठवड्यात आपन दोघीनी चिंचा चोरल्या!”

“व्हय की,” लंकाबाई हात जोडून म्हणाली, “काय तरी त्यांची लीला.”

गोजरबाईने रंगनाथकडे मोर्चा वळवला. महाराजबिहाराज काही नाही. तिने त्याला शेंबडा असताना कडेवर घेतलं होतं.

“रंग्या, रेघ मोड.”

रंगनाथ उठून तिच्याजवळ आला. चेहऱ्यावर हसू ठेवून, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला. “आत्या, मला काय ठावं न्हाई व्हय? बाप मरताना समदं सांगून गेला. चिंच, गाठोडं, समदं. पर आता म्या रेघ मोडली तर उद्या हितं कोन बसंल? पाच रात होऊ द्या. पोरगी घट्ट हाय.”

“पोरगी मरतीय.”

“मरनं-जगनं आपल्या हातात हाय का, आत्या?”

इतकं थंड बोलणं तिने माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भीमा तरी भोळा होता. लोक पाया पडले तेव्हा त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं होतं. हा सगळं जाणत होता. गोजरबाईने पुढे बोलणं सोडलं, नऊवारीचा काचा वर खोचला आणि सरळ रेघेत शिरली. अंगणातून “आगं बाई!” असा आवाज उठला. सूर्यभान ओरडला, “आई, मागं फिर! पोर जाईल माझी!” दोन पोरगेले चेले फाटकाकडे धावले आणि आडवे उभे राहिले. गोजरबाईने मथीला गोधडीसकट खांद्यावर घेतलं. पोर चुलीतल्या विटेसारखी तापली होती.

आता फाटकात झटापट होणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ते रंगनाथला सगळ्यांच्या आधी दिसलं. झटापटीत पोर त्याच्या अंगणात मेली असती. त्याने दोन्ही हात वर केले आणि भरल्या आवाजात म्हणाला:

“थांबा! वाट द्या! बाबांनी उठवलेली ही बालिका. तिला रेघ कशी अडवंल? तिच्या हातानं बाबाच पोरीला नेत्यात! बोला, भीमाबाबा की…”

“जय!” अंगण गरजलं. चेले बाजूला झाले. माणसांनी दोन रांगा केल्या आणि मधून वाट मोकळी झाली.

‘खोटं!’ हा शब्द गोजरबाईच्या जिभेच्या टोकावर होता. पन्नास वर्षं ती तो उच्चारत आली होती. आता उच्चारला असता तर वाद पेटला असता, वाद पेटला असता तर वाट मिटली असती. खांद्यावर करवत चालूच होती, पण मध्येमध्ये थांबत होती. गोजरबाईने दात आवळले. तोंडाला कुलूप घालून, दोन्ही बाजूंचे जोडलेले हात आणि अंगावर पडणारा बुक्का सोसत ती फाटकाबाहेर पडली. रागाने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना ते भक्तीचं वाटलं.

फाट्यावर मरियाबाई एस.टी.च्या तोंडासमोर छत्री आडवी धरून उभ्या होत्या आणि कंडक्टर त्यांच्यावर खेकसत होता. “बाई, टायमाचं काय? डेपोत मी काय उत्तर देऊ?” मागून जयजयकार करत आलेली माणसं पाहून तो वरमला आणि त्याने मठाच्या दिशेने हात जोडले. “बाबांची पोरगी हाय का? आधी सांगायचं की.”

“ही घटसर्पाची पोरगी आहे,” मरियाबाई म्हणाल्या. “घंटी मारा.”

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मथीच्या गळ्याखाली भोक पाडून नळी बसवली, सुया टोचल्या. बरेच दिवस ती त्या नळीतून श्वास घेत होती. मग एके दिवशी तिने खूण करून पाणी मागितलं आणि ते घशाखाली उतरलं. छबू वॉर्डमध्येच खाली बसून रडली. सूर्यभान बाहेर गेला आणि थोड्या वेळाने नारळ घेऊन आला.

“हे कशाला?” गोजरबाईने विचारलं.

“मठात फोडायला. नवस बोललो हुतो.”

गोजरबाईने त्याला दंडाला धरून खाटेजवळ आणलं. “बघ. तुझ्या पोरीच्या गळ्याला भोक हाय. ते कुनी पाडलं?”

“डाक्तरनी.”

“मंग?”

सूर्यभानने मान खाली घातली. तो वाईट मुलगा नव्हता. नुसता घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला हात जोडायला काहीतरी लागतंच. हळूच म्हणाला, “पर डाक्तरला बुद्धी कुनी दिली, आई?”

“आन तुझी कुनी काढून घेतली?”

शेजारच्या खाटेवरची म्हातारी फिसकन हसली. सूर्यभानने नारळ खाटेखाली सरकवला.

पोरीला घरी आणलं त्याच आठवड्यात मरियाबाई दारात आल्या. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. शेवगावकडच्या एका बाईने आपला मुलगा मठात बसवला होता. तोच आजार. गोजरबाईच्या नातीची गोष्ट तिकडे पोचली होती, पण नगर, नळी, सुया हे सगळं वाटेत गळालं होतं. बाबांनी उठवलेल्या बालिकेने नातीला हात लावला आणि नात उठली, एवढंच पोचलं होतं. मुलगा तिसऱ्या रात्री गेला.

“आईनं तुमचं नाव घेतलं माझ्यासमोर,” मरियाबाई म्हणाल्या. “मी तुम्हाला दोष देत नाही. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.”

आतापर्यंत गोजरबाई ‘खोटं हाय, खोटं हाय’ एवढंच सांगत आली होती. नुसतं खोटं आहे म्हणून कोण ऐकतं? लोकांना गोष्ट लागते. आणि गोष्ट तर तिच्याकडे होती, सबंध. लोकांकडे अर्धीच होती.

पुढच्या बाजारच्या दिवशी ती स्टँडजवळच्या लिंबाखाली उभी राहिली आणि पडद्याशेजारच्या माणसासारखा खडा आवाज लावला.

“भीमाबाबाचा सिनेमा आर्धा बघितलाय तुमी! म्होरला आर्धा म्या केलाय. ऐका!”

बायका थांबल्या, टोपल्या खाली ठेवल्या. नाव बाबाचं म्हटल्यावर थांबणारच. गोजरबाई सांगू लागली. पोर उठून बसते. गाव नाचतं. बाबाच्या पुढ्यात पैशाचा ढीग. मग रात्र. आई पोरीला हाक मारते. पोर ओ देत नाही.

“मंग तुमी मेलाव का काय, आजी?” एका कांदेवाल्याने विचारलं. हशा झाला.

“मेले की! दोनदा मेले. पहिल्या बारीला नाकावर माशी बसली, म्या नाक उडवलं. तात्यासाहेब म्हनले, मेलेली पोर नाक उडवती व्हय गं? परत मर!” पुन्हा हशा. “आन ज्याला तुमी बाबा म्हनता तो आमचा भीमा, माझ्या मड्याजवळ बसून तपकीर वढत हुता आन म्हनत हुता, गोजरे, आवर गं, भूक लागलीय.”

कुणी हसलं. कुणी थुंकून निघून गेलं. मठाच्या एका चेल्याने गर्दीतून “म्हातारी खुळावलीय!” अशी आरोळी ठोकली. गोजरबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने गाठोडं घेऊन मागच्या दाराने पळणारा बुवा चालून दाखवला, हुबेहूब, भीमाच्या फेंगड्या चालीसकट. ज्यांनी भीमाला जिवंतपणी पाहिलं होतं ते दोन म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. ती चाल कुणाला मनाने रचता येणारी नव्हती.

दर बाजाराला ती उभी राहू लागली. मठ काही ओस पडला नाही. रंगनाथने ‘प्रत्यक्ष दिसलेला चमत्कार’ पुन्हा नव्या रंगात रंगवून घेतला, आणि खाली गोजरबाईचं नाव घातलं. लाज नावाची गोष्ट त्याला वारशात मिळालीच नव्हती. सूर्यभानला माणसं सांगू लागली की तुझ्या आईला आवर, तेव्हा तो कधी मान खाली घाली, कधी म्हणे, “तिचं तिला ठावं.” एकदा मात्र तो स्वतःच गर्दीत मागे उभा राहिलेला तिला दिसला. खांद्यावर मथी होती, गळ्याशी वण.

ज्येष्ठातल्या एका बाजाराला बाप पोरीच्या मड्यावर पडतो तिथे गोष्ट आली होती. गर्दी दाट झाली होती. तेवढ्यात एक बाई पुढे सरकली. पदराखाली तान्हं होतं. लुगड्याच्या काठाला मठातल्या रेघेच्या राखेचा डाग दिसत होता. ती गोजरबाईच्या अगदी जवळ आली आणि कुणाला ऐकू जाऊ नये असं पुटपुटली.

“नगरची गाडी कवा हाय, मावशे?”

गोजरबाईने पदर बाजूला करून लेकराच्या कपाळाला हात लावला. मग लिंबाखालचं आपलं बोचकं उचललं आणि बाईचा दंड धरला.

“अहो आजी, म्होरं काय झालं? बाबाला धरला का न्हाई?” कांदेवाला ओरडला.

“म्होरलं पुढच्या बाजाराला,” गोजरबाई मागे न पाहता म्हणाली. “आता गाडी चुकंल.”